पणजीची निळी भिंत, गावची तांबडी भिंत: नववीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही नोंद डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेची आहे. शाळेचे, गावाचे, माणसांचे नाव कुठेच दिलेले नाही. बदललेली नावे दिली की वाचणारे ओळखाओळखीचा खेळ सुरू करतात, म्हणून नावे सरळ गाळली. मी त्या शाळेत मराठी शिकवते. चित्रकलेशी माझा संबंध एवढाच, की मुलींसोबत एक टीचर हवी म्हणून मला बसमध्ये बसवले होते.

वर्ग नववीचा, मुले 34. आमच्याकडे बहुतेकांचे होते तेच यांचेही झालेले: घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. तीन भाषा येतात आणि शाळेत बोलायची वेळ आली की तिन्ही अडखळतात. चित्रकलेला आठवड्यातून एक तास, तोही चाचणी जवळ आली की गणिताला जाणारा. कलाशिक्षक (पुढे त्यांना नुसते सर म्हणते) पणजीच्या गोवा कला महाविद्यालयात शिकलेले. वर्षभर त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या चार-पाच मुलांची तयारी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. उरलेली मुले त्या तासाला टेबलावरचा तांब्या आणि दोन लिंबे काढत. लिंबे बदलत, तांब्या तोच.

अडचण

आदल्या वर्षी याच मुलांना, ती आठवीत असताना, पणजीला नेले होते. एका दिवसात दोन कलादालने, एक वस्तुसंग्रहालय, मिरामारचे विज्ञान केंद्र आणि मिरामारचा किनारा. हातात इंग्रजीतली दोन पानी प्रश्नपत्रिका: चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव, माध्यम, तुम्हाला काय आवडले. मुले चित्राकडे पाठ करून शेजारचा फलक उतरवून घेत होती. एका दालनात मी घड्याळ लावून पाहिले. दारातून शिरून दारातून बाहेर पडायला पूर्ण वर्गाला अकरा मिनिटे लागली.

नंतर लिहून घेतलेल्या अनुभवलेखनात आइस्क्रीम होते, लाटा होत्या, बसमधल्या भेंड्या होत्या. चित्रांबद्दल ‘चित्रे खूप सुंदर होती’. कोणते चित्र, असे विचारले तर एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, ‘टीचर, मोठें एक.’

सरांचे मन त्या दिवशी फार खट्टू झाले होते. मुख्याध्यापकांचा निष्कर्ष वेगळा: मुलांना गोडी नाही, पुढच्या वर्षी पैसे विज्ञान प्रदर्शनाला द्यावेत. अडचण म्हणून लिहायची तर ती हीच. मुलांना गोडी नाही, की पाहायचे कसे हेच कुणी शिकवलेले नाही? दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

समोर असलेले पर्याय

शिक्षक-कक्षात यावर आठवडाभर बोलणे झाले. चहाच्या कपाएवढेच, पण रोज.

पहिला पर्याय, जायचेच नाही. वर्गातल्या पडद्यावर चित्रे दाखवायची. खर्च शून्य. सरांनी तो एक तास करूनही पाहिला. अँटोनियो शाव्हियर त्रिंदाद (1870–1935) या मूळ गोमंतकीय, पण मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आणि तिथेच शिकवलेल्या चित्रकाराची व्यक्तिचित्रे पडद्यावर लावली. मग फ्रान्सिस न्यूटन सोझा, मग गायतोंडे. मुलांनी विचारलेला एकमेव प्रश्न होता, ‘हे केवढे मोठे आहे?’ प्रश्न अगदी नेमका होता आणि पडद्याकडे त्याचे उत्तर नव्हते. पडद्यावर हातभर चित्र आणि भिंतभर चित्र एकाच मापाचे होते.

दुसरा, एखाद्या चित्रकाराला शाळेत बोलवायचे. हे आम्ही पूर्वी केले आहे. पाहुणे तासाभरात सुंदर निसर्गचित्र काढतात, मुले टाळ्या वाजवतात, चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत लागते.

तिसरा, पुन्हा पणजी, पण कमी ठिकाणे. माझे मत याच बाजूचे होते.

चौथा सरांचा. ते म्हणाले, ठिकाणे कमी करून भागणार नाही, क्रम उलटा करायला हवा. आपण आधी दाखवतो आणि मग ‘आता तुम्ही काढा’ म्हणतो. आधी मुलांनी काहीतरी करून पाहावे, त्यात अडकावे, आणि अडकलेल्या अवस्थेत बसमध्ये बसावे. स्वयंपाक करणारी बाई दुसऱ्याच्या घरचे जेवताना जशी जेवते, तसे त्यांनी पाहायला हवे.

मला तेव्हा हे जरा नाटकी वाटले होते. कबूल करते.

काय करायचे, यावर मात्र त्यांच्याकडे उत्तर तयार होते: कावी. काव म्हणजे तांबडी माती. सावंतवाडीपासून गोव्यातून खाली कारवार-अंकोल्यापर्यंत जुन्या देवळांच्या आणि वाड्यांच्या भिंतींवर पांढऱ्यावर तांबड्या रंगाची चित्रे दिसतात, ती कावीची. ब्रशने रंगवलेली नसतात ती. भिंतीला चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर हुरमंजी (तांबड्या मातीचा रंग) मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर, आणि तो पुरता सुकण्याआधी टोकदार हत्याराने वरचा थर खरवडायचा, की खालचे पांढरे उघडे पडते. रंग दोनच. खोडरबर नाही.

काय केले: पहिला टप्पा, वर्गात

इथे एक निर्णय घ्यावा लागला आणि तो पहिल्यांदा चुकला. चुना मुलांच्या हातात द्यायचा की नाही? कालवलेला चुना त्वचा खातो, डोळ्यात गेला तर कायमची इजा करू शकतो. म्हणून सरांनी सुरक्षित वाट धरली, प्लास्टर ऑफ पॅरिस. ते पंधरा-वीस मिनिटांत दगड झाले. वरचा तांबडा थर खालच्याला धरेना. खिळा लावला की पापुद्र्यासारखा सुटून येई, आणि रेषेच्या जागी खड्डा. चौतीस मुलांचे चौतीस खड्डे. तास संपला तेव्हा वर्ग पिठाच्या गिरणीसारखा दिसत होता आणि शेजारच्या वर्गाच्या टीचरने तक्रार केली होती.

दुसऱ्या खेपेला चुनाच घेतला, पण अटी घालून. चुना आणि वाळू सर स्वतः कालवणार, मोजे आणि चष्मा लावून. थरही सरच देणार. मुलांनी फक्त खरवडायचे, तेही थर घट्ट झाल्यावर आणि हातमोजे घालून. एक वाटी चुन्याला तीन वाट्या बारीक चाळलेली वाळू, आणि वरच्या थरासाठी चुन्यात रेड ऑक्साइड. हे रेड ऑक्साइड आमच्याकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या तांबड्या जमिनी त्याच्याच असतात. गिलावा घालायला मातीच्या चपट्या लाद्या, एका पालकाच्या बांधकामातून उरलेल्या.

सकाळी येऊन पाहतो तर प्रत्येक लादीवर कोळ्याचे जाळे. थर तडकले होते.

कोडे सोडवले शाळेच्या शिपायांनी. ते तरुणपणी गवंड्याच्या हाताखाली होते. लाद्यांवरून हात फिरवून म्हणाले, ‘सर, खालचे भिजवले नाही तर वरचे तडकणारच. लादीने पाणी ओढून घेतले.’ मग लाद्या रात्रभर पाण्यात बुडवल्या, थर दिल्यावर वर ओले गोणपाट टाकले. जुलै महिना होता, हवेत एवढा ओलावा की वह्यांची पानेसुद्धा वाकत होती. शाळेला नेहमी नको असलेला हा दमटपणा प्रथमच उपयोगी पडला. थर सावकाश सुकला. दुसऱ्या दिवशी नखाने दाबले तर खूण उठत होती, पण भुगा होत नव्हता. ‘आता,’ सर म्हणाले.

त्या तासाला वर्गात जी शांतता होती ती मी मराठीच्या तासाला कधी अनुभवलेली नाही. रेषा एकदा ओढली की ओढली. चूक झाली तर तिचे काहीतरी करावे लागे: पान मोठे करा, चोचीचा पक्षी करा. निम्म्याहून जरा जास्त लाद्या टिकल्या, बाकीच्या कडेने सुटल्या. पण सगळ्यांपाशी आता तक्रारी होत्या, आणि त्या कामाच्या होत्या. सावली कशी दाखवायची? दोनच रंगांत चेहरा गोल कसा दिसणार? मोठे चित्र असेल तर एवढा थर एका दिवसात खरवडून कसा संपवायचा?

सरांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. फळ्यावर लिहून ठेवले आणि तारीख टाकली.

काय केले: दुसरा टप्पा, पणजी

ऑगस्टमध्ये बस निघाली. बस म्हणजे शाळेचा बालरथ. सकाळी मुलांना आणून सोडल्यावर तो रिकामा असतो, पण दुपारी शाळा सुटायच्या आत परत यायलाच हवा, या अटीवर मुख्याध्यापकांनी तो दिला. जायला तास, यायला तास, पर्वरीचा खोळंबा वेगळा. हाती राहिले जेमतेम अडीच तास. ही अट आमच्या पथ्यावर पडली. चार ठिकाणांचा मोह आपोआप गेला.

पहिले ठिकाण आझाद मैदानाजवळची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. 1871 मध्ये वास्को द गामाच्या नावाने सुरू झालेली ही संस्था. तिच्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रांच्या टाइल्स आहेत. 1935 मध्ये पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो याने केलेल्या. पोर्तो शहरातल्या साव बेंतो रेल्वे स्थानकातल्या प्रसिद्ध टाइल्सही त्याच्याच. पणजीच्या भिंतीवर आहेत ते लुईश द कामोंइश या कवीच्या ‘लुझियाद’ या 1572 च्या महाकाव्यातले प्रसंग.

निर्णयाची जागा पुन्हा आली. गोष्ट आधी सांगायची की नंतर? मी आधीच्या बाजूची होते, कारण गोष्ट सांगणे हे माझे काम. सर म्हणाले, गोष्ट सांगितली की मुले गोष्ट शोधतात, चित्र पाहत नाहीत. ठरले असे: चाळीस मिनिटे एकच भिंत. पहिली दहा मिनिटे बोलायचे नाही, लिहायचे नाही. मग फळ्यावरचे प्रश्न घेऊन पाहायचे. गोष्ट शेवटी.

दहा मिनिटे फार मोठी असतात. चौथ्या मिनिटाला मुले चुळबुळू लागली, दोघांना हसू आवरेना, आणि मला आदल्या वर्षीची अकरा मिनिटे आठवली. सातव्याच्या आसपास काहीतरी बदलले. एक मुलगी भिंतीच्या इतकी जवळ गेली की तिला मागे ओढावे लागले. तिला सांधे दिसले होते. एक हात तीन टाइल्सवर पसरलेला, आणि सांध्यावरून रेषा न चुकता पुढे गेलेली. ‘टीचर, हे सुटे सुटे काढून मग जोडले, की जोडून मग काढले?’

हा प्रश्न तिला पडला, कारण तिची स्वतःची लादी कडेला सुटली होती.

सरांनी मग तिथेच उभे राहून सांगितले. टाइलवर पांढऱ्या काचेचा लेप, त्यावर निळा रंग, मग भट्टी. भट्टीतून आल्यावर रंग काचेत मुरतो, पुसता येत नाही. चित्रकार सगळ्या टाइल्स एकत्र मांडून चित्र काढतो, मागे क्रमांक घालतो, सुट्या करून भाजतो आणि भिंतीवर पुन्हा जुळवतो. म्हणजे हे चित्र कुठेही नेता येते. कावीचे चित्र त्या भिंतीवरच जन्मते आणि भिंत पडली की जाते. एका मुलाने लगेच विचारले, ‘मग कोणते जास्त टिकते?’ सर म्हणाले, ‘कुणी जपले तर.’ हे उत्तर पुढे आम्हाला नडणार होते.

सावलीचा प्रश्न तिथेच सुटला, अर्धा. निळ्यात पातळ-घट्ट असे अनेक निळे होते. ब्रशला पाणी जास्त की रंग फिका. कावीत ही सोय नाही. मग तिथे जवळजवळ ओरखडे काढून सावली भासवायची, हे मुलांनी आपसांत ठरवले. मी वहीत टिपले, ‘हे कुणी शिकवले नाही.’

शेवटी मी गोष्ट सांगितली. हे वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीचे काव्य, पोर्तुगिजांच्या अभिमानाचे. टाइल्स लागल्या तेव्हा गोवा मुक्त व्हायला अजून 26 वर्षे होती. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागून एक मुलगा, चांगलाच चिडलेला: ‘आमच्या नार्व्याच्या देवळाची गोष्ट कुणी भिंतीवर का नाही काढली?’ नार्वेचे सप्तकोटेश्वर मंदिर आमच्याच तालुक्यातले. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये ते पुन्हा उभारले, हे इथल्या मुलांना पाठ असते. मला त्याला काहीतरी समजूतदार उत्तर द्यायचे होते. सुचले नाही. सर म्हणाले, ‘तू काढ ना.’

दुसरे ठिकाण पणजीतल्याच फोंतेन्हासमधले फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था, त्रिंदादची चित्रे पाहायला. ते जमले नाही. मुले थकली होती, त्यांच्याकडे तैलचित्राबद्दल प्रश्नच नव्हते. वीस मिनिटांत बाहेर आलो. ज्या पोरांनी टाइल्सपुढे चाळीस मिनिटे काढली तीच इथे फलक उतरवू लागली. सरांच्या क्रम उलटा करण्याच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मिळाला नसता, पण त्या वेळी आम्ही दोघेही नुसते वैतागलो होतो.

वहीची भाषा

हा भाग खरे तर माझ्या चुकीचा आहे.

पाहताना काय दिसले ते लिहायला मी सांगितले होते, मराठीत, मराठीचाही सराव होईल म्हणून. वह्या आल्या: ‘सदर भिंतीवरील चित्रे अतिशय मनमोहक व नयनरम्य आहेत.’ निबंधाचे मराठी. मीच शिकवलेले. भिंतीपुढे या मुलांच्या तोंडून मी जे ऐकले होते त्यातले अक्षरही वहीत नव्हते. ते कोकणीत होते: ‘हांगा ब्रश थांबला आनी परत सुरू जाला.’ या वाक्यात निरीक्षण आहे, ‘नयनरम्य’मध्ये नाही.

दुसऱ्या खेपेला मी सांगितले, कोकणीत लिहा, मराठीत लिहा, मिसळून लिहा, फक्त विशेषण लिहायचे नाही. काय आहे आणि कुठे आहे, एवढेच. पाने भरू लागली. मराठीच्या शिक्षिकेने हे लिहावे हे काहींना खटकेल. खटकू दे.

काय केले: तिसरा टप्पा, गावची भिंत

हा टप्पा आमच्या आखणीत नव्हता. पणजीहून परतताना बसमध्ये एक मुलगी म्हणाली, ‘अशें तांबडें आमच्या देवळाच्या भायल्यान आसा.’ तोवर कावी म्हणजे सरांनी पडद्यावर दाखवलेले काहीतरी होते. तिच्या गावचे देऊळ शाळेपासून चालत पंचवीस मिनिटे. त्या रस्त्याने मी सहा वर्षे येत-जात होते.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुटीनंतर गेलो. देवळाच्या बाहेरच्या दोन भिंतींवर, छपराच्या खालच्या पट्टीत आणि कोनाड्यांभोवती कावीची चित्रे होती: वेलपट्टी, मोर, दोन द्वारपाल, एक हत्ती. तिसरी बाजू नव्या इमल्शनने पांढरीशुभ्र. जत्रेआधी रंगवलेली. मुलांपैकी काही इतर धर्मांची होती. चित्रे बाहेरच्या बाजूला असल्याने आत जाण्या-न जाण्याचा कुठलाच प्रश्न उघडपणे आला नाही. आला असता तर काय केले असते, हे आम्ही ठरवले नव्हते. ठरवायला हवे होते.

परवानगी सरांनी देवस्थान समितीच्या चिटणीसांकडून फोनवर घेतली होती. ‘मुलांना पाहू दे की, त्यात काय,’ एवढीच. मुलांनी ट्रेसिंग पेपर आणले होते. भिंतीवर कागद धरायचा आणि वेलपट्टी उतरवायची, अशी कल्पना. दहाव्या मिनिटाला एका मुलाने कागद दाबून धरला आणि मोराच्या शेपटीतला रुपयाएवढा टवका त्याच्या तळहातावर आला.

मुलगा पांढरा पडला. देवळात तेव्हा दुसरे कुणी नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यापैकी एकाने (मीच) हलक्या आवाजात म्हटले, की गिलावा आधीच सुटलेला होता, आज ना उद्या पडलाच असता. ते खरेही होते; मागे ओल धरलेली दिसत होती. सरांनी टवका कागदात गुंडाळला, मुलांना शाळेत परत पाठवले आणि त्याच संध्याकाळी तो घेऊन चिटणीसांच्या घरी गेले. सोबत तो मुलगा नको, असे त्यांनी आधीच ठरवले. चूक परवानगी नीट न घेणाऱ्याची आणि कागद आणू देणाऱ्याची, मुलाची नव्हे.

परिणाम सरळ झाला: देवळाकडे यायचे नाही. समितीतल्या दोघांनी मुख्याध्यापकांना फोन केला. तीन आठवडे हे बंद होते. त्या काळात मुलांनी शाळेतच लाद्यांवर काम केले, नार्व्याच्या देवळाचा गट त्यातच तयार झाला.

मग चिटणीसच एकदा शाळेत आले. त्यांच्या बोलण्यातून समितीची बाजू कळली, आणि ती ऐकण्यासारखी होती. भिंत ओल धरते, दर पावसाळ्यात गिलावा खाली येतो. जुना चुना करणारा गवंडी मिळत नाही. देणगीदार म्हणतात, टाइल्स लावा, धुवायला सोप्या. नव्या पिढीला देऊळ जुनाट दिसू नये असेही वाटते. यात कुणी कलेचा शत्रू नव्हता.

इथे सरांपुढे दोन वाटा होत्या. वर्तमानपत्रात लिहायचे, ‘ऐतिहासिक कावी धोक्यात’, म्हणजे चार दिवस गाजावाजा आणि कायमचे वैर. किंवा गप्प बसून नोंद तरी करून ठेवायची. त्यांनी नोंद निवडली. वर्गातल्या काही हुशार मुलांना हे मुळीच पटले नाही, आणि एकीने त्यांना तोंडावर सांगितले, की तुम्ही घाबरलात. सर म्हणाले, थोडासा.

नवे नियम झाले. भिंतीला हात नाही, कागद नाही. प्रत्येक चित्राचे समोरून छायाचित्र, शेजारी सेंटिमीटरची पट्टी, हातभर अंतरावरून. समितीचा एक माणूस सोबत. मग वर्गात छायाचित्र चौकटीत आखून त्याच मापात कागदावर. टाइल्समुळे मुलांच्या डोक्यात चौकट पक्की बसली होती, तिचा इथे उपयोग झाला.

परिणाम

डिसेंबरमध्ये पालक-शिक्षक संघाच्या बैठकीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात प्रदर्शन मांडले. तेवीस लाद्या, देवळाच्या दोन भिंतींचा मोजून काढलेला आराखडा, आणि फळ्यावरच्या त्या सगळ्या प्रश्नांची यादी, कुणाला काय उत्तर सापडले त्यासह. काही प्रश्नांपुढे नुसती रेघ होती. नार्व्याच्या गटाची लादी मोठी होती आणि मधून तडकली होती. त्यांनी तड तशीच ठेवून शेजारी लिहिले, ‘लादी भिजवायला विसरलो.’

चिटणीस आले, आराखड्यापुढे बराच वेळ उभे राहिले. त्या वर्षी टाइल्स लागल्या नाहीत. भिंत वाचली असे मात्र मी लिहिणार नाही. समितीने ‘पुढे बघू’ म्हटले आहे, आणि पुढे समिती बदलते.

मुलांचे म्हणाल तर, मार्चमध्ये मी त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीतले ते जुने निसर्गचित्र दाखवून वर्णन लिहायला सांगितले. बहुतेकांनी अर्ध्या पानाच्या वर लिहिले. ‘सुंदर’ हा शब्द तिघांनीच वापरला. एका मुलीने नोंदवले, की झाडाच्या सावल्या दोन दिशांना पडल्या आहेत. सहा वर्षे ते चित्र भिंतीवर होते. दुसरीकडे, एलिमेंटरीला त्या वर्षी नेहमीपेक्षा कमी मुले बसली, कारण सरांना तयारीला वेळच मिळाला नाही. मुख्याध्यापकांनी हे वार्षिक अहवालात लिहिले, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

वेगळे काय करता आले असते

परवानगी लेखी हवी होती, आणि तिच्यात ‘पाहणे’ म्हणजे काय हे लिहिलेले हवे होते. फोनवरच्या ‘त्यात काय’वर चौतीस मुले नेणे हा निव्वळ निष्काळजीपणा होता.

चुन्याच्या बाबतीत नशीब चांगले. मोजे होते, पण डोळ्यांचे चष्मे फक्त सरांकडे. एका मुलीने मोजा काढून बोटाने थर तपासला, दोन दिवस बोटाची साल निघत होती. आता करायचे झाले तर प्रत्येकाला चष्मा आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली, नाहीतर चुना नको.

त्रिंदादसाठी वेगळी भेट हवी होती, आणि तिच्याआधी महिनाभर मुलांनी एकमेकांचे चेहरे काढून त्यात अडकायला हवे होते. सर म्हणतात, पुढच्या वर्षी. बालरथ मिळाला तर.

समितीकडे आधी जाऊन, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना मुलांनी विचारायला हवे होते, की कुठे काय होते. हे आम्हाला उशिरा सुचले. आराखडा पुरा झाल्यावर उत्तरेच्या भिंतीवरचा तिसरा कोनाडा राहिला. तिथे चित्रावरच विजेचे बटण बसवले आहे, दोन वायरी आणि एक मीटरची पेटी. पेटीच्या कडेने थोडी तांबडी किनार दिसते. खाली काय होते ते पुजाऱ्यांना आठवत नाही, चिटणीसांना नाही. ज्या आजोबांना आठवत असावे असे सगळे म्हणाले, ते चवथीच्या आधीच गेले होते. आराखड्यात मुलांनी त्या जागी चौकोन काढला, पेटीच्या मापाचा, 32 गुणिले 45 सेंटिमीटर, आणि तो कोरा ठेवला.